तात्यांचा सोमवार

माझे सासरे माणसांशी कमी आणि गोल्फच्या चेंडूशी जास्त बोलायचे. चेंडू गवतावर ठेवायचे, काठी हातात घट्ट धरायचे आणि मारण्याआधी वाकून त्याला हळू आवाजात समजावायचे, "जा बाबा, सरळ जा. झेंडा तो बघ, समोर हाय. आडवातिडवा जाऊ नको." मग मारायचे आणि चेंडू आडवातिडवाच जायचा. तात्या त्याच्याकडे बघत म्हणायचे, "ऐकत नाय." आवाजात राग नसायचा. घरातल्या हट्टी पोराबद्दल शेजाऱ्याला सांगावं, तसं सांगायचे.

उमरठच्या पुढच्या एका डोंगरवाडीत भात-नाचणी करणाऱ्या घरातला हा माणूस गोल्फ खेळायचा, हे सांगितलं की महाडमध्ये अजूनही लोक हसतात. पण त्यात नवल काही नव्हतं. आंबेनळी घाट चढून वर गेलं की रानात साहेबाच्या काळातलं एक गोल्फचं मैदान आहे. तात्या तरुणपणी तिथे गवत कापायला लागले आणि तिथेच राहिले. आठवडाभर मुक्काम वर, कामगारांच्या खोलीत. सोमवारी मैदान बंद असायचं आणि त्या दिवशी कामगारांनी खेळायला हरकत नसायची. कुणी साहेबलोकांनी टाकून दिलेल्या दोन-तीन काठ्या तात्यांनी जमवल्या होत्या. मुठीचं चामडं झिजलं तिथे सायकलची ट्यूब गुंडाळली होती. बुटांची जोडीही अशीच मिळालेली, मापाला मोठी. पुढे कागदाचे बोळे कोंबून ते ती घालायचे. चालताना बूट आधी निघायचे आणि तात्या मागून.

एवढी वर्षं तिथल्या मातीत काढूनही त्यांना खेळ काही आला नाही. बरोबरचे कामगार चिडवायचे, "तात्या, तुमी गवतच कापा." तात्या म्हणायचे, "आठवडाभर कापतोच हाय की. आज त्याच्यावरनं चालतो." मला वाटतं, त्यांच्या लेखी खेळ म्हणजे एवढाच होता. ज्या गवतावर आठवडाभर वाकून राबायचं, त्यावरून एक दिवस ताठ मानेने चालायचं.

मी त्यांची सून. त्यांचा एकुलता एक मुलगा संदेश मुंबईत टेम्पो चालवायचा आणि आम्ही नालासोपाऱ्याला एका खोलीत राहायचो. लग्नाला तीन वर्षंही पुरी झाली नव्हती. एका पावसाळ्यात त्याला कावीळ झाली. आधी अंगावर काढली, मग दवाखाना, मग मोठं हॉस्पिटल. एका दुपारी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं आणि घरचं मोठं माणूस कोण आहे, असं विचारलं. मी म्हटलं, मीच आहे. तात्या आणि सासूबाई पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

मी वाडीवर आले. दुसरीकडे जायला सुचलंच नाही. सासूबाई, त्यांना मी आई म्हणायचे, दिवसभर काम करायच्या आणि मध्येच हातातलं काम टाकून मोठ्याने रडायच्या. त्यांना रडताना सगळी वाडी ऐकायची. तात्यांना मात्र कुणी रडताना पाहिलं नाही. बारावं झालं आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने ते वर कामावर गेले. भावकीतल्या बायका कुजबुजल्या, "बापाचं काळीज दगडाचं हाय." आईंनीही ते ऐकलं.

मला रडूही येत नव्हतं आणि झोपही. मी उंबऱ्याबाहेर जाणं सोडलं होतं. पाणी भरायला आई जायच्या आणि मी भिंतीला टेकून बसायचे. असे किती महिने गेले कोण जाणे. मग तात्या एकदा रविवारी संध्याकाळीच घरी आले. एरवी ते सोमवारी दुपारी यायचे. जेवताना म्हणाले, "रेश्मा, उद्या सकाळी तयार रहा. वर जाऊया."

आईंच्या हातातला तवा खाली आदळला. "कशाला? विधवा पोर काठ्या घेऊन रानातनं फिरणार? लोक काय म्हणतील?"

"लोक वर येत नायत," तात्या म्हणाले. "चढ हाय."

पुढे कितीतरी आठवडे असंच चाललं. मला वर नेता यावं म्हणून हा माणूस रविवारी घाट उतरून घरी यायचा, सोमवारी माझ्यासोबत घाट चढायचा, संध्याकाळी मला घरी सोडायला पुन्हा उतरायचा आणि मंगळवारी पहाटे परत चढायचा. एसटीत खिडकीची जागा मला द्यायचे आणि स्वतः काठ्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन बसायचे. जुन्या चादरीत बांधलेलं ते गाठोडं बघून एकदा कंडक्टरने विचारलं, "काका, पडद्याचे दांडे काय?" तात्या म्हणाले, "हां, मोठी खिडकी हाय."

मैदान पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते मैदान वाटलंच नाही. मी शाळेचं सपाट मैदान डोळ्यांसमोर धरून गेले होते. इथे दोन्ही बाजूंना दाट झाडी आणि मधून नदीसारखं वळत गेलेलं गवत. जांभळी, हिरडे, अंजनी, आणि बुंध्यांवर शेवाळाची जाड साय. गवताच्या एका टोकाशी चेंडू ठेवायचा आणि दुसऱ्या टोकाच्या झेंड्याखालच्या भोकात घालायचा. त्याला होल म्हणायचं. एक होल संपला की झाडांतल्या पायवाटेने पुढच्या होलावर. असे नऊ. कामगारांनी प्रत्येकाला आपापली नावं दिली होती. पहिला उतरणीचा, मग जांभळीखालचा, मग गव्याचा, कारण तिथे पहाटे गवे येऊन बसायचे. तात्या गव्याच्या होलावर नेहमी आधी लांबून हाक द्यायचे, "येऊ का रे?" आणि उत्तराची वाट बघितल्यासारखे थोडे थांबायचे.

त्यांनी मला शिकवलं ते एवढंच, "डोकं खाली ठेव. बॉल कुठं गेला ते बघायची घाई करू नको. गेला असंल कुठंतरी." माझी पहिली काठी हवेतून गेली, दुसरी मातीत. ढेकूळ उडून तात्यांच्या बुटावर पडलं. मी घाबरले. तात्यांनी ते उचललं, पुन्हा होतं त्या जागी बसवलं, बुटाने हलकेच दाबलं आणि म्हणाले, "लागलं तर खरं कायतरी." मला हसू आलं. कित्येक महिन्यांनी आलं, आणि आलं तसं मला स्वतःचीच शरम वाटली. मी तोंडावर हात धरला. तात्यांनी तेवढ्यात पाठ फिरवली आणि झेंड्याकडे चालू लागले.

पाचवा होल लांब होता आणि उजवीकडे रान अगदी खेटून होतं. तिथे तात्यांचा चेंडू दर सोमवारी रानात जायचा. "तू थांब, मी बघून येतो," म्हणून ते झाडीत शिरायचे आणि बराच वेळ यायचे नाहीत. मी गवतावर बसून राहायचे. बाहेर यायचे ते हातात काहीतरी घेऊन. कधी करवंदं, कधी एखादं पीस, कधी नुसताच चेंडू. मला वाटायचं, वय झालं, नजर कमी झाली आहे.

एकदा त्यांना फारच उशीर झाला. रानात गवा तर नसेल, म्हणून मी मागे गेले. थोडं आत गेल्यावर ते दिसले. एका झाडाला दोन्ही हात लावून, कपाळ बुंध्यावर टेकून उभे होते. खांदे हलत होते. आवाज मात्र येत नव्हता. एवढा मोठा माणूस इतकं रडतो आणि त्याचा आवाज होत नाही, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. चेंडू त्यांच्या पायाशीच होता. पांढराशुभ्र, शोधायची गरजच नव्हती.

मी पाऊल न वाजवता मागे फिरले. गवतावर येऊन बसले आणि काठीने उगीचच दगडावर टकटक करत राहिले. थोड्या वेळाने ते आले. डोळे पुसलेले होते, टोपी नीट केलेली होती. "सापडला," म्हणाले. मी म्हटलं, "बरं झालं." आम्ही सहाव्या होलाकडे चालू लागलो.

त्यानंतर दोन-तीन सोमवार गेले असतील. त्या दिवशी संदेशचा वाढदिवस होता. घरी कुणी त्याचं नाव काढलं नव्हतं. पाचव्या होलावर मी काठी फिरवली आणि माझा चेंडू उजवीकडे रानात गेला. मी मुद्दाम मारला की आपोआप गेला, मला खरंच सांगता येणार नाही. मी तात्यांकडे पाहिलं. ते झेंड्याकडे बघत होते.

"जा, बघून ये," ते म्हणाले. "सावकाश बघ. रान मोठं हाय."

मी आत गेले आणि संदेश गेल्यापासून साठलेलं सगळं तिथे बाहेर पडलं. मी जमिनीवर बसून रडले, नाव घेऊन रडले. मला तात्यांसारखं आवाज न करता रडता येत नव्हतं. त्यांना ऐकू गेलंच असणार. बाहेर आले तेव्हा ते पाठमोरे बसले होते आणि गवतातलं तण उपटत होते. एवढी मोठी जागा स्वच्छ केली होती त्यांनी, म्हणजे मी बराच वेळ आत होते. माझ्याकडे न बघता त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली. या गोष्टीबद्दल आम्ही एकमेकांशी कधीही बोललो नाही.

वर्ष उलटल्यावर माझा भाऊ महाडहून वाडीवर आला. त्याच्या ओळखीतला प्रकाश नावाचा मुलगा होता, महाडच्या एका कारखान्यात कामाला. त्याचं पहिलं लग्न मोडलं होतं. भावाने विषय काढला तशा आई उठून चुलीपाशी गेल्या. मी नाही म्हटलं. पुढच्या सोमवारी सातव्या होलावर चेंडू भोकात घालून झाल्यावर ते झेंडा परत रोवत म्हणाले, "तुझा भाऊ बोलला ते बरोबर हाय. तू जा."

मला आधी कळलंच नाही. मग राग आला. "मला घालवताय तुम्ही? मी जड झाले तुम्हाला?"

"जड?" ते झेंड्याची काठी धरून उभे राहिले. "तू गेलीस तर मी वर कुणासंगत येऊ? माझा मला येतोच की राग. पण मी आज हाय, उद्या नाय. ही पण नाय. मग तू त्या घरात एकटी म्हातारी होणार. ते मला बघायचं नाय."

"बघू नका. तोवर तुम्ही नसालच."

हे मी बोलले. सासऱ्यांना, भर उन्हात, ओरडून. काठी तिथेच टाकली आणि चालत सुटले ती थेट एसटी स्टँडवर. बाकावर बसले. बऱ्याच वेळाने तात्या आले. दोघांच्याही काठ्या चादरीत बांधल्या होत्या. बाजूला बसले, शेंगदाण्यांची पुडी उघडून आमच्या दोघांच्या मध्ये ठेवली आणि समोरच्या गाड्यांकडे बघत राहिले. एसटी घाट उतरली. पोलादपूरला उतरताना मी म्हटलं, "एकदा भेटेन त्याला. फक्त भेटेन."

"हां," तात्या म्हणाले. त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं, मी नाही म्हणाले असते तर बरं झालं असतं.

लग्न महाडला झालं, साधंच. आई आल्या नाहीत. मी निघाले त्या दिवशी त्या भिंतीकडे तोंड करून झोपल्या होत्या. मी पाया पडले तेव्हा त्यांनी पाय आखडून घेतले. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या मुलाची म्हणून घरात जी एक खूण उरली होती, ती मी होते. तात्या आले होते. मंडपाच्या कडेला खुर्चीच्या टोकावर बसले होते. जेवण झाल्यावर त्यांनी प्रकाशला बाजूला घेतलं. मला वाटलं, काही मोठं सांगतायत. नंतर प्रकाशने सांगितलं, ते एवढंच म्हणाले होते, "ती चिडली तर थोडा वेळ जाऊ द्या. मग बोलते."

मी महाडलाच एका ऑफिसात लागले. सोमवारची सुट्टी मिळेना. सुरुवातीला रजा काढून गेले, मग सणावारी गेले, मग मुलगी झाली आणि जाणं थांबलं. तात्यांनी कधी विचारलं नाही. दर सोमवारी दुपारी त्यांचा फोन यायचा, मैदानाच्या वरच्या अंगाला रेंज असायची तिथून. फोनवर आधी माझी आणि पोरीची चौकशी, मग सगळा खेळ पहिल्यापासून. "उतरणीवर बरा गेला. जांभळीखाली अडकला. गव्याच्या होलावर आज पिल्लू होतं गो, म्हणून मी तिथं खेळलोच नाय, बाजूनं गेलो." मी फाइली बाजूला सारून ऐकायचे. नऊही होल व्हायचे. मग "ठेवतो" म्हणून फोन बंद. ऑफिसातल्या मैत्रिणी विचारायच्या, "कोण गं?" मी म्हणायचे, "वडील."

मागच्या पावसाळ्यात त्यांना धाप लागायला लागली. महाडला दाखवायला आणलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं निकामी होत आली आहेत. मी रोज डबा घेऊन जायचे. कॉटवरच्या तात्यांचे पाय मला फार बारीक दिसले. आई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेल्या असायच्या. मी आले की उठून बाहेर व्हरांड्यात जायच्या. तात्या हे बघायचे. एकदा म्हणाले, "तिच्याशी मी बोलायला पायजे होतं. राहिलं." मी म्हटलं, "बरे झालात की बोला." त्यांनी मान हलवली. बरे झाले नाहीत. वाडीवर न्यायला सांगितलं आणि भर पावसात, मैदान बंद असतानाच्या दिवसांत गेले.

दिवसकार्याला मी गेले, पण आई बोलल्या नाहीत. पाऊस सरला आणि एका संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मी बोलतेय," पलीकडून आवाज आला. थोडं थांबून, "वर त्यांची पेटी ऱ्हायली हाय. मला रस्ता ठाऊक नाय. येशील?"

इतक्या वर्षांत आई कधी घाट चढून तिथे गेल्या नव्हत्या. आम्ही दोघी सोमवारी गेलो. खोलीतली पेटी, अंथरूण, बूट बाहेर काढले. सामान कामगारांपाशी ठेवून मी म्हटलं, "बघायचं का, ते कुठे खेळायचे?" त्या पायातल्या चपला हातात घेऊन गवतावर उतरल्या. पावसाने गवत दाट वाढलं होतं. वाकून त्यांनी ते मुठीत धरून पाहिलं.

"एवढं गवत," त्या म्हणाल्या, "आणि एक ढोर नाय चरायला."

पाचव्या होलाशी आलो तेव्हा त्या दमून बसल्या. आपणहून बोलायला लागल्या, माझ्याकडे न बघता. "माझ्या मनात एकच ऱ्हायलं गो. पोरगा गेला आणि ह्यांनी एक टिपूस गाळला नाय. बारावं झालं नि गवत कापायला गेले. त्या दिसापासनं मी त्यांच्याशी धड बोलले नाय. भाकर वाढायची, ती पण पुढ्यात सरकवायची."

"रडायचे ते, आई," मी म्हटलं.

त्यांनी मान वळवली. "कुठं?"

मी झाडीकडे हात केला. मग सगळं सांगितलं. दर सोमवारी चेंडू कसा तिकडे जायचा, मी मागे जाऊन काय पाहिलं, त्यांचे खांदे कसे हलत होते. काही राखून ठेवलं नाही. आई ऐकत राहिल्या. त्यांचा हात गवतावरून फिरत होता, तो थांबला.

"कुठल्या झाडापाशी?"

मी उठून बघितलं. बुंधे सगळे सारखेच, शेवाळलेले. एवढ्या वर्षांत झाडं वाढली होती, वाट बुजली होती. मला ते झाड सांगता आलं नाही.

आई बराच वेळ त्या रानाकडे बघत बसल्या. रडल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मला सांगितलं असतं, तर मी पण आले असते की वर."

पुढचे होल आम्ही पाहिले नाहीत. पेटी घेऊन एसटीत बसलो. घाटाची वळणं सुरू झाली तशी त्यांना मळमळायला लागलं, म्हणून मी खिडकीची जागा दिली. वळणावर तोल गेला की त्या माझा हात धरायच्या. मग धरलेला तसाच ठेवला. पोलादपूर आलं. तिथून त्यांना वाडीची गाडी धरायची होती आणि मला महाडची. पेटी खाली उतरवून आम्ही स्टँडवर उभ्या राहिलो. त्यांची गाडी लागली, तरी त्या चढेनात. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत उभ्या होत्या.

"पोरीचं नाव काय ठेवलंस?"

"अन्वी," मी म्हटलं.

"आनवी," त्या म्हणाल्या. नीट जमलं नाही, म्हणून पुन्हा एकदा म्हणून पाहिलं.